कोनाडा कोणाला विचारून बुजवलात?

चौपदरीकरण २०११ साली सुरू झालेल्या त्या मुंबई-गोवा महामार्गावरून हाडे खिळखिळी करून घेत शनिवारी दुपारी राजापूर तालुक्यातल्या, दुरुस्तीला काढलेल्या आमच्या जुन्या घरी पोहोचलो, ओटीवर पाऊल ठेवले आणि समोरची भिंत पाहून हातातली पिशवी खाली ठेवायचेही मला सुचले नाही. भिंतीतला कोनाडा नाहीसा झाला होता. तिथे विटा भरून, वरून सिमेंटचा गिलावा ओढून, भिंत इस्पितळातल्यासारखी सपाट केलेली होती.

त्या कोनाड्यात आजी रोज तिन्हीसांजेला दिवा ठेवायची. त्याच्या वरच्या कडेला काजळीचा पंजाएवढा काळा डाग होता आणि तळाच्या चिऱ्यावर सांडलेल्या तेलाने गुळगुळीत, गडद झालेला एक गोल होता, ज्यावर बोट फिरवले की अजूनही किंचित चिकट लागायचे. एप्रिलमध्ये मी स्वतः कंत्राटदाराला त्या भिंतीसमोर उभे करून, बोट दाखवून सांगितले होते की याला हात लावायचा नाही. मग फोनवर सांगितले. मग कागदावर लिहून दिले. आता जाब विचारला तर म्हणतो, "ताई, भिंत सरळ दिसायला नको काय? आता कोनाडे ठेवतो कोण?" आम्ही ठेवतो! घर आमचे आहे, पैसे आमचे आहेत आणि कोनाडा आमच्या आजीचा आहे.

आणि तो गिलावा! जांभा, म्हणजे आमच्या भिंतींच्या चिऱ्यांचा दगड, सच्छिद्र असतो, तो पाणी पितो आणि पुन्हा हवेत सोडतो. म्हणून चिऱ्याच्या भिंतीला चुनाच लागतो. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्या पावसात जोत्यातून वर चढलेल्या ओलीला सिमेंटने बाहेरची वाट बंद केली, की ओल आतल्या आत साठते, गिलाव्याला फुगे येतात आणि तो पडताना चिऱ्याचा पापुद्राही घेऊन पडतो. हे मी एखाद्या ग्रंथात वाचलेले नाही, शेजारच्या वाडीतल्या दोन घरांत डोळ्यांनी पाहिलेले आहे. म्हणून तर भावाने खटपट करून चुना मिळवला, पडवीत पिंपात भिजत घातला आणि तीन आठवडे मुरू दिला. शनिवारी त्या पिंपाचे झाकण काढले, तर वर चार बोटे निवळ पाणी आणि खाली लोण्यासारखा मऊ चुना जसाच्या तसा होता. त्याला थापीसुद्धा लागलेली नव्हती. पिंपाशेजारी सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांचा ढीग मात्र पडला होता.

या माणसांना जुन्या वस्तूचा राग तरी का येतो, हे मला कळत नाही. गेल्या वर्षी कौले उतरवताना गडग्यापलीकडे फेकून दिली. मंगळुरी कौलांचा कारखाना बासेल मिशनने मंगळुरात १८६५ साली काढला, आणि आमच्या छपरावरची कौले पाठीवर कारखान्याचा ठसा असलेली, ठणठणीत वाजणारी होती. वासे बदलून तीच पुन्हा चढवायची ठरली होती. त्यांतली निम्मी फुटली. सुताराने माजघराचा फणसाचा दरवाजा "घासून आणतो" म्हणून नेला, तो आजतागायत परत आलेला नाही. आणि सातबाऱ्यावर नाव असूनही एका सहीसाठी आम्हाला दोन वर्षे ताटकळत ठेवणारे चुलतभाऊ गणपतीला येतात, ओटीवर बसून चहा पितात आणि सांगतात की पाडा हे आणि स्लॅब टाका. छपरावर ताडपत्री ओढायला त्यांच्यातले कोणी आले होते काय?

खळ्याचीही तीच गत केली आहे. आम्ही फक्त चोपून, सारवून घ्यायला सांगितले होते. अर्ध्या खळ्यावर काँक्रीट ओतून, ते तुळशीच्या पायथ्यापर्यंत भिडवून ठेवले आहे. पूर्वी पागोळ्यांचे पाणी खळ्याच्या उतारावरून परसातल्या माडांकडे जायचे. यांनी उतार उलटा काढला. मी कळशीभर पाणी ओतून पाहिले, ते सरळ जोत्याकडे आले आणि तिथेच थांबले. पाऊस जूनच्या पहिल्या पंधरवड्यात येईल, म्हणजे हातात फार तर तीन आठवडे आहेत.

बाबा ८१ वर्षांचे आहेत. ते त्या भिंतीसमोर खुर्ची घेऊन बसले, काठीच्या टोकाने कोनाड्याची जागा चाचपडत राहिले आणि रात्री जेवले नाहीत. मला तेव्हापासून दुसरे काही सुचत नाही. रविवारी सकाळी भावाने छिन्नी-हातोडा घेतला आणि सिमेंट पुरते कडक होण्याआधी विटा एकेक करून काढल्या. दुपारपर्यंत कोनाडा मोकळा झाला. वरची काजळी उरली आहे, पण तळाच्या चिऱ्यावरचा तेलाचा गोल सिमेंटखाली गेला. तो खरवडायला गेलो तर दगडच सुटून येऊ लागला, म्हणून हात आखडता घेतला.

संध्याकाळी कंत्राटदाराने हिशेबाचा कागद पाठवला. त्यात "ओटीची भिंत सरळ करणे" अशी वेगळी रक्कम लावलेली आहे. ती मी देणार नाही, आणि भिंतीवरचा उरलेला गिलावा त्याने पावसाआधी स्वतःच्या खर्चाने उतरवून दिल्याशिवाय बाकीची रक्कमही देणार नाही.