गाविलगड दाखवायला माणूस पाहिजे

तूर विकली, चार पैसे हातात आले की आमच्या अचलपूर-अंजनगावकडच्या गावांतून कोकणाच्या ट्रिपा निघतात. महिला बचत गटांच्या, भजनी मंडळांच्या, नातेवाइकांच्या. जन्मात समुद्र न पाहिलेली म्हातारी माणसं त्या बसमध्ये असतात आणि त्यांनी समुद्र पाहावा असं मला मनापासून वाटतं. म्हणून ही पोस्ट कोकणाच्या ट्रिपेविरुद्ध नाही. त्या ट्रिपेत जे मिळतं ते आपल्या घराशेजारी, चिखलदऱ्याजवळच्या गाविलगड किल्ल्यावर, आपण का मागत नाही, एवढंच मला विचारायचं आहे.

आमच्या बसने अलिबागहून गाइड घेतला होता. डोंगर, जुनी गावं, किनारा, सगळं एका दिवसात दाखवणार होता. आधी वाटलं, धावपळच होणार. पण तो माणूस बोलायला लागला आणि बस गप्प झाली. रेवदंड्याला त्याने थांबवलं. बाजूचं चौल हे केवढं मोठं बंदर होतं ते सांगितलं. पंधराव्या शतकात अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी याच किनाऱ्यावर उतरला, त्याचं स्मारक रेवदंड्यात आहे. खाडी ओलांडून कोर्लईला गेलो तर म्हणाला, या गावात आजही काही घरांत पोर्तुगीजातून तयार झालेली बोली बोलतात. पुढे राजपुरीला शिडाच्या होडीत बसलो, तिथे होडीवालाच जंजिऱ्याचा इतिहास सांगत होता. मराठ्यांना हा किल्ला कधीच घेता आला नाही, हे त्याने आडपडदा न ठेवता सांगितलं, ते मला फार आवडलं.

माझ्या शेजारी बसलेली आमच्या गावची आजी हळूच म्हणाली, "आपल्या गाविलगडावर असं कोनी सांगत नाही ना गा."

नाहीच सांगत. आमच्याकडचे लोक चिखलदऱ्याला किती वेळा जातात! पावसाळ्यात शनिवार-रविवारी घाटात गाड्यांची रांग लागते. देवी पॉइंट, पंचबोल, भीमकुंड, मक्याचं कणीस, रबडी, फोटो, परत. गाविलगडावर गेले तर दरवाजापर्यंत. शार्दूल दरवाजावर कोरलेल्या गंडभेरुंडापुढे, म्हणजे दोन डोक्यांच्या काल्पनिक पक्ष्यापुढे, सेल्फी काढतात आणि ते काय आहे हे न कळताच माघारी फिरतात. यात त्यांचा काय दोष? कोणी सांगितलंच नाही.

आता त्या गडावर सांगण्यासारखं काय आहे ते पाहा. रेवदंड्याचा तो निकितीन पुढे बहमनींच्या राजधानीत, बिदरला गेला होता. गाविलगड बांधला तो त्याच बहमनी घराण्यातल्या अहमदशहाने, 1425 च्या सुमारास. जागा त्याहून जुनी, गवळ्यांची म्हणतात. पुढे वऱ्हाडात इमादशाही झाली, अचलपूर तिची राजधानी होती. म्हणजे कोकणात ऐकलेल्या गोष्टीचं दुसरं टोक आमच्या डोंगरात आहे, आणि ते जोडून दाखवणारा माणूस मात्र नाही.

त्याहून मोठी गोष्ट 1803 सालची. 29 नोव्हेंबरला इंग्रज आणि मराठे यांच्यात अडगावची लढाई झाली. तिथून इंग्रज सेनापती वेलस्लीची फौज नागपूरकर भोसल्यांच्या गाविलगडावर आली. दक्षिणेकडचा कडा सरळ तुटलेला, तिकडून चढणं अवघड. म्हणून त्याच्या सोबतचा इंग्रज अधिकारी स्टीव्हन्सन याने जड तोफा सातपुड्याच्या डोंगरातून फिरवून उत्तरेला नेल्या. वाटा नव्हत्या, त्या करत करत नेल्या. 15 डिसेंबरला गड पडला, किल्लेदार बेनीसिंह लढताना मारले गेले. दोनच दिवसांनी, 17 डिसेंबरला, गडाच्या पायथ्याकडच्या देवगावला तह झाला. त्या तहात नागपूरकर भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडला आणि ओडिशातलं कटकही सोडलं. कटक म्हणजे भोसल्यांचा समुद्र! आपल्या विदर्भाच्या राज्याचा बंगालच्या उपसागरावरचा किनारा गेला तो या डोंगराखाली. त्याच महिन्याच्या 30 तारखेला शिंद्यांचा तह झाला, तोही आमच्याच सुर्जी-अंजनगावला. आज पानमळ्यांचं आणि पानपिंपळीचं गाव म्हणून लोक त्याला ओळखतात. हे मी पहिल्यांदा नीट समजून घेतलं तेव्हा रात्री झोप लागली नव्हती. आम्ही समुद्र पाहायला रात्रभर बसमध्ये बसून जातो आणि समुद्र जिथे हरवला त्या गावावरून रोज बाजाराला जातो.

मेळघाटात व्याघ्र सफारीला गेलात तर गाइड घ्यावाच लागतो. तो बहुतेक आसपासच्या गावचाच तरुण असतो, त्याचे पैसे कोणी कुरकुर न करता देतं. वाघ दिसला नाही तरी देतं. मग गडावर का नको? चाळीस जणांच्या बसने माणशी तीस रुपये काढले तर बाराशे होतात. होळीला घरी येऊन पुन्हा कामासाठी बाहेर पडणाऱ्या मेळघाटातल्या कोरकू आदिवासी पोरांपैकी चार जणांना जरी हे काम मिळालं तरी मला ते हवं आहे. डोंगर त्यांचा आहे. झाड, पाखरू, पाण्याच्या जागा त्यांना माहीत आहेत. इतिहासाची तयारी त्यांच्याकडून करून घ्यावी लागेल, ती अमरावती-परतवाड्याच्या इतिहासाच्या प्राध्यापकांनी करून घ्यावी.

आणि सांगायचं ते खरं सांगावं. कीचकाला भीमाने चिखलदऱ्याच्या दरीत टाकलं ही कथा आहे, ती कथा म्हणूनच सांगावी. गडावरची मोठी मशीद, देवतलाव, मछली तलाव, सगळं दाखवावं, आपल्याला आवडेल तेवढंच निवडू नये.

माझ्या मनात एका दिवसाचा बेत आहे. सकाळी अचलपूर: दुल्हा दरवाजा, मग गावाबाहेरचा हौज कटोरा, तळ्याच्या मधोमध उभा असलेला तो अष्टकोनी मनोरा. तिथून देवगाव. मग घाट चढून दुपार पूर्ण गडाला. चिखलदऱ्यात एकच पॉइंट, तोही उन्हं उतरताना, आणि गवळ्याकडची रबडी. रिद्धपूर मी यात मुद्दाम धरलं नाही. ज्या गावी म्हाइंभटांनी लीळाचरित्र लिहिलं तिथे अर्ध्या तासात बसमध्ये चला चला करणं मला पटत नाही, त्याला वेगळा दिवस द्यावा.

परतवाडा, अंजनगाव, चांदूर बाजारकडच्या ट्रिप ठरवणाऱ्या मंडळींनी यंदा एवढं करून पाहावं: गडाच्या दारात उतरल्यावर आधी सांगणारा माणूस ठरवावा, त्याचे पैसे आधीच वर्गणीत धरावेत. आणि गडाच्या उत्तरेकडच्या गावांतल्या जुन्या माणसांकडून तोफांच्या वाटेबद्दल काही ऐकलेलं असेल तर खाली लिहा. मी येऊन त्यांना भेटेन, लिहून घेईन.