प्लीहा काढलेल्या माणसाचा ताप अंगावर काढू नये : एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

स्वादुपिंडाचा शेपटीकडचा भाग आणि त्याच्यासोबत प्लीहा काढण्याची शस्त्रक्रिया ज्यांची ठरली आहे, अशा रुग्णांच्या घरी व्हॉट्सअ‍ॅपवरून एक लांबलचक संदेश हमखास पोहोचतो. त्याचा सारांश असा : प्लीहा, म्हणजे पानथरी, हा शरीरातला जास्तीचा अवयव असून तिचे काम यकृत आपोआप उचलते, त्यामुळे शस्त्रक्रियेआधी सांगितल्या जाणाऱ्या लसी अनावश्यक आहेत, स्वादुपिंडाला कात्री लागली की मधुमेह होतोच, म्हणून भात, पोळी आणि गोड आधीपासूनच बंद करावे, अन्न पचवणाऱ्या एन्झाइमच्या कॅप्सूल एकदा सुरू झाल्या की त्यांची सवय लागते, नंतर महिनाभर अंथरुणात पडून पेजेवर राहावे आणि रक्त भरून येण्यासाठी पपईच्या पानांचा रस घ्यावा, आणि ताप आलाच तर काढा घेऊन तीन दिवस वाट पाहावी. हा संदेश पुढे पाठवणारी माणसे आपलीच असतात आणि त्यांची काळजी खरी असते. तरीही त्यातला पहिला आणि शेवटचा सल्ला एकत्र पाळला गेला, तर शस्त्रक्रियेतून सुखरूप घरी आलेला माणूस पुढे एखाद्या साध्या वाटणाऱ्या तापाने दगावू शकतो. म्हणून एकेका मुद्द्याचे उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

प्लीहेवाचून माणूस जगतो, हे खरे आहे, आणि जुन्या पडलेल्या रक्तपेशी गाळण्याचे तिचे काम बऱ्याच अंशी यकृत सांभाळते, हेही खरे आहे. एकेकाळी नामवंत शल्यविशारदांचाही असाच समज होता. नोबेल पारितोषिक मिळवणारे स्वित्झर्लंडचे थिओडोर कोखर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्लीहा काढल्याने काही अपाय होत नाही, असेच मत मांडले होते. परंतु 1952 साली किंग आणि शूमॅकर या अमेरिकी डॉक्टरांनी प्लीहा काढलेल्या तान्ह्या बाळांमध्ये जंतुसंसर्ग किती भीषण रूप घेतो, याची नोंद प्रसिद्ध केली, आणि पुढे मोठ्या माणसांमध्येही तोच धोका असल्याचे स्पष्ट होत गेले.

या धोक्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिमोफिलस इन्फ्लुएन्झा बी या जिवाणूंभोवती साखरेच्या रेणूंचे एक बुळबुळीत आवरण असते, आणि त्या आवरणामुळे ते पांढऱ्या पेशींच्या तावडीतून निसटतात. प्लीहेत रक्त अत्यंत संथ गतीने झिरपते; तिथल्या विशिष्ट पेशी या आवरणाविरुद्ध झटपट प्रतिपिंडे (जंतूंना ओळखून चिकटणारी प्रथिने, अँटिबॉडी) तयार करतात आणि तिथलेच भक्षक पेशींचे जाळे ते जंतू वेचून काढते. ज्या जंतूंवर प्रतिपिंडांची खूण पुरेशी उमटली आहे, ते यकृत पकडू शकते. पण जे प्रथमच शरीरात शिरले आहेत आणि ज्यांच्यावर ती खूण जेमतेम आहे, त्यांच्यासाठी प्लीहेला पर्याय नाही. असा संसर्ग वर्षभरात फार थोड्या जणांना होतो, आणि घाबरवणे हा माझा हेतू नाही. मात्र तो झाला, तर उपचार करूनही निम्म्याच्या आसपास रुग्ण दगावल्याच्या नोंदी आहेत. पहिली दोन-तीन वर्षे धोका अधिक असतो, पण तो पुढे कधीच शून्यावर येत नाही.

प्लीहा इतकी मोलाची असेल, तर ती काढतात कशाला, असा प्रश्न येथे साहजिकच उभा राहतो. तिची रोहिणी आणि नीला स्वादुपिंडाच्या पाठीला अगदी लगटून जातात, आणि शेपटीकडच्या कर्करोगात तिथल्या लसिकाग्रंथी (कर्करोग जिथे पसरू शकतो अशा लहान गाठी) पूर्णपणे काढायच्या असतील, तर प्लीहाही सोबत काढावी लागते. अशा वेळी ती वाचवण्याचा आग्रह नातेवाइकांनी धरू नये. गाठ कर्करोगाची नसेल, तर मात्र प्लीहा राखता येईल का, हे शल्यविशारदांना अवश्य विचारावे. रक्तवाहिन्या जपून प्लीहा राखण्याची किमुरा यांची पद्धत आणि मुख्य रक्तवाहिन्या काढूनही जठराकडून येणाऱ्या लहान वाहिन्यांवर तिला जगवण्याची वॉरशॉ यांची 1988 सालची पद्धत, या दोन्ही आज सर्वमान्य आहेत.

लसी अनावश्यक असल्याचा दावा याच पहिल्या समजातून निघालेला आहे, आणि तो फार घातक आहे, कारण लसींची योग्य वेळ एकदा हातची गेली की ती परत आणता येत नाही. प्रतिपिंडे तयार करण्यात प्लीहेचाच मोठा वाटा असतो. म्हणून ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेत लसी किमान 14 दिवस आधी घ्याव्यात, असा संकेत आहे. अपघातात प्लीहा फुटली किंवा ती काढण्याचा निर्णय शस्त्रक्रियेच्या टेबलावरच घ्यावा लागला, तर लसी साधारणपणे 14 दिवसांनंतर दिल्या जातात. त्या हुकल्या असे समजून सोडून द्यायच्या नसतात. केमोथेरपी चालू असेल किंवा लगेच सुरू व्हायची असेल, तर तिच्या फेऱ्यांशी लसींची वेळ कशी जुळवायची, हे कर्करोगतज्ज्ञांना आधीच विचारून ठेवावे.

यात न्यूमोकोकसची लस, हिमोफिलस इन्फ्लुएन्झा बीची लस, मेनिंगोकोकसची लस आणि दर वर्षीची फ्लूची लस येते. मेनिंगोकोकसचे दोन डोस किमान आठ आठवड्यांच्या अंतराने घेतात आणि पुढे दर 5 वर्षांनी बूस्टर घेतात. न्यूमोकोकसचा पुढचा डोस कधी घ्यायचा, हे आधी कोणती लस दिली आहे यावर ठरते. जवळच्या औषधाच्या दुकानात मेनिंगोकोकसची लस मिळाली नाही, म्हणून ती राहून गेली, असे पुष्कळ घरांत होते. हज आणि उमराहच्या यात्रेकरूंना हीच लस बंधनकारक असते, त्यामुळे प्रवासपूर्व लसीकरण करणाऱ्या केंद्रांत आणि मोठ्या रुग्णालयांत ती मिळू शकते, हे लक्षात ठेवून तिथे चौकशी करावी. शस्त्रक्रियेची तारीख पक्की झाली, त्याच दिवशी लसींच्या तारखा लिहून काढल्या पाहिजेत. अर्थात या लसी त्या-त्या जंतूंच्या सर्वच प्रकारांना अडवत नाहीत, त्यामुळे लस घेतलेल्या माणसालाही तापाचा नियम पाळावाच लागतो.

मधुमेहाविषयीचा मुद्दा अर्धवट बरोबर आहे, म्हणूनच तो लोकांना पटतो. संपूर्ण स्वादुपिंड काढले, तर मधुमेह अटळ आहे आणि इन्सुलिन आयुष्यभर घ्यावे लागते. केवळ शेपटीकडचा भाग काढला, तर अनेकांना मधुमेह होत नाही. तो होणे न होणे हे किती भाग उरला, उरलेला भाग निरोगी आहे का आणि आधीपासून साखर सीमारेषेवर होती का, यांवर अवलंबून असते. इन्सुलिन तयार करणारे पेशीपुंज शेपटीत अधिक दाटीने असतात, म्हणून शस्त्रक्रियेनंतर साखरेची तपासणी ठरावीक अंतराने करत राहावे लागते. कधी कधी मधुमेह काही महिन्यांनी किंवा वर्षांनीही उघड होतो.

पण म्हणून शस्त्रक्रियेआधी भात-पोळी सोडणे हा उपाय उलटा पडतो. आधीच वजन उतरलेल्या रुग्णाचे स्नायू त्याने आणखी झिजतात आणि टाके भरून येण्यासाठी लागणारी प्रथिने शरीरात उरत नाहीत. साखर वाढलेली असेल, तर ती औषधाने, गरज पडल्यास इन्सुलिनने, आटोक्यात आणावी. उपाशी राहून नव्हे. वरण, उसळ, दही, पनीर, अंडी, मासे यांपैकी घरात जे चालते, ते थोडे थोडे पण वारंवार खावे, रोज चालावे आणि फुफ्फुसांच्या व्यायामाचे तीन चेंडूंचे यंत्र शस्त्रक्रियेच्या आधीपासूनच वापरायला घ्यावे. विडी, सिगारेट आणि तंबाखू शक्यतो महिनाभर आधी सोडावी. यात मिश्रीही आली. घरातल्या बायका मिश्रीला तंबाखू मानत नाहीत आणि डॉक्टरांनी विचारल्यावर तिचा उल्लेखही करत नाहीत.

उपवासाबद्दलही येथेच लिहिले पाहिजे. स्वादुपिंड इन्सुलिनप्रमाणेच ग्लुकॅगॉन हे साखर वर आणणारे संप्रेरकही बनवते. ते कमी पडले, तर इन्सुलिन घेणाऱ्याची साखर खाली घसरल्यावर ती सावरणारे शरीरात फारसे काही उरत नाही. अशा माणसाने एकादशी-चतुर्थीला दिवसभर निर्जळ राहणे धोक्याचे आहे, आणि संध्याकाळी एकदम शेंगदाण्याच्या कुटाची, तुपातली साबुदाण्याची खिचडी खाल्ली, तर साखर आणि पचन दोन्ही एकाच ताटात बिघडतात. उपवास करायचाच असेल, तर इन्सुलिनची मात्रा डॉक्टरांकडून बदलून घेतल्याशिवाय करू नये.

एन्झाइमच्या कॅप्सूलची सवय लागते, या दाव्याला वैद्यकीय आधार नाही. चष्मा लावल्याने जशी डोळ्यांना चष्म्याची चटक लागत नाही, तसेच हे आहे : जे शरीर बनवू शकत नाही, ते बाहेरून पुरवले जाते. निरोगी स्वादुपिंड दिवसाला लिटरभराहून अधिक पाचक रस सोडते. तो अपुरा पडू लागला की शौच फिकट, तेलकट आणि उग्र वासाचे होते, पाण्यावर तरंगते, पाणी ओतूनही भांड्याला चिकटून राहते, आणि नीट जेवूनही वजन उतरत जाते. संकोचामुळे हे वर्णन रुग्ण डॉक्टरांना सांगतच नाहीत. ते सांगितले पाहिजे, कारण निदानाचा निम्मा भाग त्यातच असतो. शेपटीकडचा भाग काढलेल्या प्रत्येकाला कॅप्सूल लागतातच असे नाही, पण ज्याला लागतात, त्याने त्या टाळल्या, तर कुपोषणाबरोबर अ, ड, ई आणि के या जीवनसत्त्वांचीही कमतरता होते.

कॅप्सूल घेण्याची पद्धतही महत्त्वाची आहे. कॅप्सूल उघडून पाहिली, तर आत मोहरीहून बारीक दाणे दिसतात आणि प्रत्येक दाण्यावर जठरातल्या आम्लात न विरघळणारे आवरण असते. ते दाणे चावले किंवा उकळत्या चहाबरोबर घेतले, तर औषध वाया जाते. ही कॅप्सूल जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर, जेवण मोठे असेल तर दुसरी मध्यावर, साध्या पाण्यासोबत घ्यायची असते. जेवण उरकून तासाभराने घेतलेल्या कॅप्सूलचा फारसा उपयोग होत नाही. मोठ्यांमध्ये एका जेवणाला 40,000 ते 50,000 युनिट लायपेज (चरबी पचवणारे एन्झाइम) आणि खाऊच्या वेळी त्याच्या निम्मे, अशी सुरुवात अनेकदा केली जाते, पण नेमकी मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची. ही औषधे डुकराच्या स्वादुपिंडापासून बनतात, ही गोष्ट मुस्लिम आणि शाकाहारी रुग्णांना आधीच स्पष्टपणे सांगितली गेली पाहिजे, म्हणजे त्यांना आपल्या श्रद्धेशी ताळमेळ घालून, जाणत्यांशी बोलून निर्णय घेता येईल. दुकानात मिळणारी अपचनाची साधी सिरपे मात्र या कॅप्सूलची जागा घेऊ शकत नाहीत.

महिनाभर अंथरुणात पडून राहण्याचा सल्ला तर सरळ नाकारावा. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्याच दिवशी रुग्णाला उठवून बसवतात आणि चालवतात, कारण पडून राहिल्याने फुफ्फुसात कफ साठतो आणि पायांत रक्ताच्या गुठळ्या होतात. प्लीहा काढल्यावर तर रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट वाढतात, कधी कधी दहा लाखांपर्यंतही जातात, आणि यकृताकडे जाणाऱ्या नीलेत गुठळी होण्याचा धोका असतो. कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर साधारण चार आठवडे पोटावर घेतली जाणारी हेपॅरिनची, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या औषधाची, इंजेक्शने याचसाठी असतात. घरी आल्यावर ती मध्येच सोडू नयेत. प्लेटलेट वाढवण्याच्या समजुतीने डेंग्यूत दिला जाणारा पपईच्या पानांचा रस या रुग्णाला पाजण्याचे काहीच कारण नाही.

पोटातला द्राव बाहेर काढणारी नळी आणि तिची पिशवी घेऊन घरी पाठवले, म्हणजे शस्त्रक्रिया फसली, असाही अर्थ काढला जातो. कापलेल्या टोकातून स्वादुरस पाझरणे ही या शस्त्रक्रियेतली नेहमी आढळणारी गुंतागुंत आहे. नळीतल्या द्रावातील अमायलेज (स्वादुरसातले एक एन्झाइम) तिसऱ्या दिवशी किंवा त्यानंतर रक्तातल्या सामान्य मर्यादेच्या तिपटीहून अधिक आढळले, तर पाझर असल्याचे समजतात, आणि पुष्कळदा नळी काही काळ ठेवल्यावर तो आपोआप आटतो. पिशवीतला द्राव रोज मोजून, त्याचा रंग पाहून वहीत लिहावा. तो अचानक लाल झाला, गढूळ झाला, त्याला घाण वास येऊ लागला किंवा नळी एकाएकी कोरडी पडून पोट दुखू लागले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

आता काढा घेऊन तीन दिवस थांबण्याविषयी. ज्या संसर्गाची मी वर चर्चा केली, त्यात सकाळी कणकण आणि रात्री अतिदक्षता विभाग, असे होऊ शकते. सुरुवातीला उलट्या, जुलाब आणि अंगदुखी असल्याने घरचे त्याला पोट बिघडले असेच समजतात. म्हणून नियम एकच आहे : ताप 100.4 अंश फॅरनहाइट किंवा अधिक, किंवा हुडहुडी भरून थंडी, मग प्लीहा काढून कितीही वर्षे झालेली असोत, तातडीने रुग्णालय. पॅरासिटामॉल घेऊन ताप उतरला, म्हणून घरी थांबू नये. डॉक्टरांनी तातडीसाठी प्रतिजैविक (अँटिबायोटिक) लिहून दिले असेल, तर पहिला डोस घेऊन निघावे. तो डोस रुग्णालयाऐवजी नसतो, रुग्णालयात पोहोचेपर्यंतचा असतो. कुत्रा चावला, तर रेबीजच्या लसीबरोबरच प्रतिजैविकही लागते, कारण कुत्र्याच्या लाळेतला एक जिवाणू या रुग्णांमध्ये प्राणघातक ठरतो. मलेरियाही त्यांच्यात उग्र होतो. गडचिरोलीकडे जाताना किंवा पावसाळ्यात मुंबईत राहताना मच्छरदाणी वापरावी, आणि मलेरियाप्रतिबंधक गोळ्यांबद्दल आधी विचारून घ्यावे.

तातडीच्या विभागात बहुतेक नातेवाईक “पोटाचे ऑपरेशन झाले आहे” एवढेच सांगतात, आणि समोरच्या शिकाऊ डॉक्टरांना त्यातून प्लीहेचा काहीच बोध होत नाही. “यांची प्लीहा काढलेली आहे आणि यांना ताप आहे” हे वाक्य घरातल्या प्रत्येकाला, शाळकरी मुलांनाही, पाठ असावे. तेच पाकिटातल्या कार्डावर आणि मोबाइलच्या कुलूपबंद पडद्यावर, लसींच्या तारखांसह लिहिलेले असावे. ते वाक्य ऐकल्यावर रक्ताचा नमुना कल्चरसाठी, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीसाठी, घेऊन, अहवालाची वाट न पाहता, शिरेतून प्रतिजैविक सुरू केले जाते, आणि ते पहिल्या तासात सुरू व्हावे, असा आग्रह नातेवाइकांनी न संकोचता धरावा.