उंदरीणबाईच्या तोंडातला मटार

भाची चार वर्षांची आहे. तिला कुणीतरी पाच चित्रपुस्तकांचा संच भेट दिलाय आणि गेला आठवडाभर तो वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आहे. पहिल्या पुस्तकात अस्वलाचं पिल्लू खेळणी वाटून घ्यायला शिकतं. दुसऱ्यात ससा दात घासायला शिकतो. तिसऱ्यात कोल्हा खोटं बोलतो, मग रडतो, मग सगळ्यांची माफी मागतो. चौथ्यात हत्ती आहे. त्याचं काय होतं ते आत्ता लिहायला बसल्यावर आठवेना, पण तोही काहीतरी शिकला असणार. मुखपृष्ठांवर मात्र सगळे पाठीला सॅक लावून, हातात कंदील घेऊन निघालेत आणि वर ठसठशीत अक्षरांत 'साहसकथा' असं छापलंय.

साहस कुठंय? पाचही पुस्तकं उलटीपालटी करून झाली. दात घासणं हे आमच्या घरात साहस आहे हे मान्य, पण ते माझ्यासाठी. सशासाठी नाही.

आणि शेवटच्या पानावर प्रश्न. 'या गोष्टीतून तुम्ही काय शिकलात?' पोरगी अजून चित्रातल्या गोगलगाईपाशी रेंगाळलीय आणि इकडे तिची तोंडी परीक्षा सुरू.

माझी खरी तक्रार बोधाबद्दलही नाही. तक्रार अशी आहे की ही जनावरंच नाहीत. शेपट्या लावलेली शहाणी मुलं आहेत. अस्वलाला दात घासायला लावा आणि सशाला खेळणी वाटायला लावा, गोष्टीतला एक शब्द हलणार नाही. हल्ली मी पुस्तक घेण्याआधी चाळताना हीच अदलाबदल मनातल्या मनात करून बघते. प्राणी बदलूनही गोष्ट जशीच्या तशी राहत असेल तर पुस्तक परत फळीवर.

ज्या पुस्तकाला ही अदलाबदल अजिबात सोसत नाही ते म्हणजे बिअ‍ॅट्रिक्स पॉटर या इंग्रज लेखिका-चित्रकर्तीचं 'पीटर रॅबिट'. हो, तेच ते निळ्या जाकिटातलं सशाचं पिल्लू, जे आता कपांवर आणि दुपट्यांवर इतकं छापलं जातं की त्याला एक गोष्ट आहे हेच लोक विसरलेत. १८९३ मध्ये पॉटरबाईंनी आपल्या जुन्या शिक्षिकेच्या पाच वर्षांच्या आजारी मुलाला पत्र लिहायला घेतलं. काय लिहावं सुचेना, म्हणून चार सशांची गोष्ट चित्रं काढत काढत लिहून पाठवली. पुढे तिचं पुस्तक करायचं ठरवलं तर प्रकाशक नकार देत सुटले. शेवटी १९०१ च्या डिसेंबरात त्यांनी पदरच्या पैशांनी २५० प्रती छापल्या. १९०२ मध्ये फ्रेडरिक वॉर्न या प्रकाशनानं रंगीत आवृत्ती काढली. पुस्तकाचा आकार मात्र लहानच राहिला. लहान हातात मावलं पाहिजे हा बाईंचा हट्ट होता.

आता त्या जाकिटाकडे बघा. पीटर माळ्याच्या बागेत घुसतो, माळी मागे लागतो. पळता पळता एक बूट कोबीत पडतो, दुसरा बटाट्यांत. आणि मग मजकुरात सहज सांगून टाकलंय की बूट गेल्यावर तो चार पायांवर पळू लागला आणि जास्त जोरात पळू लागला! पुढे जाकिटाची मोठाली बटणं जाळ्यात अडकतात. माळी चाळणी घेऊन येतोय, ती वरून घालणार, तेवढ्यात पीटर अंग आक्रसून जाकिटातून निसटतो. म्हणजे माणसाचा एकेक कपडा गळत जातो, आतला ससा बाहेर येत जातो आणि तो ससाच जीव वाचवतो. हे हत्तीला जमेल? पॉटरबाईंनी ससे पाळले होते, लहानपणी भावाबरोबर मेलेल्या प्राण्यांचे सांगाडे जुळवून पाहिले होते. जाकिटाच्या आतला ससा त्यांना हाडांसकट माहीत होता.

पण आमच्या घरात यातलं काहीच गाजलं नाही. गाजली ती उंदरीण.

पीटर बागेत वाट चुकलाय. भिंतीत एक दार आहे, पण कुलूपबंद, आणि खालच्या फटीतून हा गोलमटोल ससा जाणार नाही. तिथं एक म्हातारी उंदरीण दगडी उंबऱ्यावरून ये-जा करतेय. घरच्यांसाठी मटार आणि शेंगा नेतेय. पीटर तिला बाहेरची वाट विचारतो. तिच्या तोंडात एवढा मोठा मटार आहे की तिला बोलताच येत नाही. ती नुसती मान हलवते. पीटर रडायला लागतो. चित्रात तो दारापाशी उभा आहे, डोळ्यांत पाणी.

मी पान उलटायला गेले तर भाचीनं हात धरला.

"ती वाईट आहे?"

"नाही गं. तिच्या तोंडात मटार आहे."

"मग खाली ठेवायचा ना."

मी गप्प बसले. ती बराच वेळ चित्राकडे बघत राहिली. मग स्वतःच म्हणाली, "खाली ठेवला तर घरंगळत जाईल." आणि तिनंच पान उलटलं.

त्या संचातल्या पुस्तकांत वाटेत भेटणारा प्रत्येक प्राणी एक तर मदत करायला आलेला असतो नाही तर धडा शिकवायला. इथं उंदरीण दोन्हीतली नाही. तिला तिचं काम आहे. पीटरचं रडणं तिच्या दिवसात मावत नाही. पुढच्याच पानावर पांढरी मांजर तळ्यातले मासे न्याहाळत बसलीय, शेपटीचं टोक तेवढं हलतंय. तिच्याशी न बोलता निघून जाणंच बरं, असं पीटर ठरवतो. मांजरांबद्दल त्यानं बेंजामिन या नात्यातल्या सशाकडून ऐकलेलं असतं, तेवढं त्याला पुरतं. जग आपल्याभोवती फिरत नाही हे चार वर्षांच्या मुलाला भाषण देऊन सांगून बघा बरं. इथं ते एका मटाराच्या दाण्यात झालं.

चित्रकारानं प्राणी नीट पाहिलाय की नाही हे मुलांना कळतं. कसं ते मला सांगता येणार नाही, पण कळतं. रॉबर्ट मॅक्लॉस्की यांनी 'मेक वे फॉर डकलिंग्ज' हे बदकांच्या कुटुंबाचं पुस्तक करताना खरी बदकं घरात आणून ठेवली होती. ती बाथटबमध्ये पोहत आणि हे वही घेऊन जमिनीवर त्यांच्या मागून रांगत. बदकं फारच लगबगीनं पळतात म्हणून त्यांना थोडी रेड वाइन पाजून सुस्त केल्याचं त्यांनी स्वतःच सांगितलंय. (आज कुणी हे कबूल केलं तर फेसबुकवर त्याचं काय होईल!) पुस्तक १९४१ मध्ये आलं आणि पुढच्या वर्षी त्याला अमेरिकेतलं चित्रपुस्तकांसाठीचं कॅल्डेकॉट पदक मिळालं. सगळी चित्रं एकाच तपकिरी रंगात, तरी कुठं काही कमी वाटत नाही. सुरुवातीला बोस्टन शहर आपल्याला वरून दिसतं, उडणाऱ्या बदकाला दिसेल तसं. पुढे पिल्लांची रांग रस्ता ओलांडायला निघते तेव्हा नजर खाली येते आणि मोटारींची चाकं केवढाली होतात. शहर तेच, फक्त उंची बदलली. साहस म्हटलं की ड्रॅगन आणि खजिनाच लागतो असं काही नाही. बदकाला रस्ता पुरतो.

एरिक कार्ल यांच्या 'द व्हेरी हंग्री कॅटरपिलर' या चित्रपुस्तकातला सुरवंट तुम्हाला माहीतच असेल, १९६९ चा. कागदांच्या गठ्ठ्याला पंचिंग मशीननं भोकं पाडताना त्यांना पुस्तक कुरतडणारी अळी सुचली होती. संपादकबाईंना अळी फारशी रुचेना, त्यांनी सुरवंट सुचवला. त्यात शास्त्राची एक चूक आहे. फुलपाखरू बाहेर येतं ते कोषातून, आणि कार्ल यांनी तिथं पतंगासारखं रेशमी वेष्टन दाखवलंय. यावर एरवी मी वाद घातला असता. पण त्या पानांना खरोखरची भोकं आहेत, बोट घालून बघता येतील अशी. सुरवंट जिथून गेला तिथून मुलाचं बोट जातं. एवढ्यावर सगळं माफ.

आता जे म्हणतील की "अहो, पण मुलांना वळण नको का लावायला?" त्यांच्यासाठी एक गंमत. टोरंटो विद्यापीठातल्या संशोधकांनी चार ते सहा वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग केला, २०१७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. वाटून घेण्याबद्दलची एकच गोष्ट काही मुलांना प्राण्यांच्या चित्रांसह वाचून दाखवली, काहींना माणसांच्या चित्रांसह. मग आपल्याकडचे स्टिकर दुसऱ्या मुलासाठी किती ठेवतात ते पाहिलं. माणसांची गोष्ट ऐकलेली मुलं आधीपेक्षा जास्त देऊ लागली. प्राण्यांची ऐकलेल्यांचा हात काही सैल झाला नाही. म्हणजे वळण लावायला म्हणून अस्वलाला कपडे चढवले आणि ते वळणही लागलं नाही. अस्वल मात्र हातचं गेलं. एकाच प्रयोगावर मी इमला बांधणार नाही, पण तो वाचून मला झालेला आनंद लपवणारही नाही.

दुसरा आक्षेप मला आधीच ऐकू येतोय. पंचतंत्रात बोध नाही का? आहे की. पण माकड आणि मगरीची गोष्ट आठवा. पाण्याच्या मध्यावर गेल्यावर माकडाला कळतं की मगरीला आपलं काळीज हवंय. ते म्हणतं, अरे, काळीज तर मी झाडावरच ठेवून आलो! यात शिस्त, स्वच्छता, नम्रता काहीएक नाही. चक्क थाप आहे, आणि ती जीव वाचवते. शिवाय इथंही अदलाबदल चालत नाही. मगरीला झाड चढता येत नाही आणि माकडाला पाण्यातून पळता येत नाही, गोष्ट उभी आहे ती या दोन शरीरांवर. पंचतंत्रातला बोध म्हणजे डावपेच. आमच्या संचातला बोध म्हणजे सूचनाफलक.

राहता राहिली भीती. पीटरची आई पहिल्या दोन-तीन पानांतच सांगून टाकते की त्या बागेत जाऊ नका, तुमच्या बाबांना तिथं अपघात झाला आणि माळ्याच्या बायकोनं त्यांना 'पाय' नावाच्या, सारण भरून भाजतात त्या पदार्थात घातलं. हे वाचताना माझाच आवाज खाली गेला. पुढची ओळ घाईनं वाचून टाकावी असंही वाटलं. भाचीनं विचारलं, "खाल्लं?" मी हो म्हटलं. तिनं मान डोलावली आणि पुढे ऐकायला लागली. त्यामुळेच नंतर माळी चाळणी घेऊन धावत येतो तेव्हा तिनं माझा दंड घट्ट धरला. बाबांची गोष्ट मी गाळली असती तर माळी म्हणजे नुसता रागावलेला आजोबा उरला असता.

गोष्ट संपते तेव्हा पीटर घरी येऊन बिळातल्या मऊ वाळूवर कोसळलेला असतो आणि आई कपड्यांचा हिशेब करत असते. पंधरवड्यातलं हे दुसरं जाकीट आणि दुसरी बुटांची जोडी! म्हणजे हा आधीही गेला होता. त्याला कॅमोमाइलचा काढा मिळतो, शहाण्या बहिणींना दूध-पाव आणि बेरी. माफी कुणीच मागत नाही.

काल रात्री पुस्तक मिटलं आणि त्या संचाची सवय जिभेला लागली होती म्हणा किंवा झोप आली होती म्हणा, माझ्या तोंडून निघून गेलं, "मग? काय शिकलो आपण या गोष्टीतून?"

भाचीनं एक गाल फुगवला, त्यावर बोट ठेवलं आणि नुसती मान हलवली.