ट्रॅव्हलरमध्ये पात्र खेळाआधीच मरायचं

"पॉइंट वाटून पात्र बनवलं तरच समतोल, फाशांवर सोडणं म्हणजे अन्याय" हे तुमच्या रोल-प्लेइंग खेळांवरच्या (ज्यात प्रत्येक जण टेबलाभोवती बसून एक काल्पनिक पात्र चालवतो) लेखातलं वाक्य वाचलं आणि १९७७चा 'ट्रॅव्हलर' हा अंतराळातला असाच खेळ आठवला. त्यात पात्र १८व्या वर्षी नोकरीला लागतं. चार-चार वर्षांची एकेक टर्म, दर टर्मला नवी कौशल्यं. पण आधी जगण्याचा फासा, चुकला तर पात्र मेलं! स्काउट म्हणजे अंतराळात टेहळणी करणाऱ्या सेवेत दोन फाशांवर मिळून ७ किंवा जास्त पडायला हवेत, म्हणजे ३६पैकी २१ वेळा वाचणार. पात्राचा दम (सहनशक्तीचा आकडा) ९ किंवा वर असेल तर बेरजेत +२, नाहीतर देवाचं नाव घ्या. आमच्या एका मित्राने एका संध्याकाळी तीन पात्रं पुरली. चौथं वाचलं ते थेट स्काउट जहाज घेऊनच बाहेर पडलं. अजून एक टर्म करू म्हणावं, तर वयाच्या ३४पासून म्हातारपणाचे फासे, ताकद-दम घटू शकतात. हाव आणि भीती यांचा हा तोल मला पॉइंटांच्या हिशेबापेक्षा जास्त आवडतो.

हां, एकाच टेबलावर मुरलेला कॅप्टन आणि दोन कौशल्यांचा पोरगा बसले, की तुमचं म्हणणं पटतं. अनुभवाने चढत जाणाऱ्या लेव्हल या खेळात नसल्याने पोरग्याची भरपाई पुढेही होत नाही. आम्ही शेवटी मरणाऐवजी जखमी होऊन नोकरी सुटते, असं ठरवलं.