ग्लॅमर : जादू व्याकरणातून आली, व्याकरण जादूतून नव्हे

माझ्या भाचीने वक्तृत्व स्पर्धेच्या भाषणात एक फिरता संदेश जसाच्या तसा उतरवलेला पाहिला, तेव्हा गप्प राहणे अशक्य झाले. संदेशाचे म्हणणे असे : ‘ग्लॅमर’ हा मंत्रविद्येतील प्राचीन शब्द असून त्यातून ‘ग्रॅमर’ निघाला, ‘स्पेलिंग’ म्हणजे मंत्र घालणे, ‘कर्सिव्ह’ (अक्षरे जोडून लिहिण्याची पद्धत) म्हणजे शाप, तेव्हा शाळेतले इंग्रजी हे मनाला घातलेले बंधन आहे.

पहिले विधान सरळसरळ उलटे आहे. ‘ग्रॅमर’ इंग्रजीत चौदाव्या शतकापासून आहे. ‘ग्लॅमर’ हे त्याचेच स्कॉटलंडमधील स्कॉट्स भाषेत बदललेले रूप अठराव्या शतकाच्या आरंभी लिखाणात दिसू लागते. मध्ययुगात ग्रॅमर म्हणजे लॅटिन विद्या, आणि ज्याला लॅटिन पोथी वाचता येते त्याला भुतेही वश असणार, असा निरक्षरांचा समज होता. फ्रेंचांनी तर याच शब्दावरून जादूच्या पोथीला ‘ग्रिमवार’ म्हटले. एका शब्दात दोन र आले आणि पहिल्याचा ल झाला. ‘रलयोरभेदः’, म्हणजे र आणि ल यांत भेद नाही, हे संस्कृत वचन ऐकलेल्यांना यात नवल वाटू नये. अर्थासाठी एडिंबरोचा कवी ॲलन रॅमझी याने १७२१ च्या आपल्या कवितासंग्रहाला जोडलेली शब्दसूची पुरेशी आहे. सैतान, मांत्रिक किंवा गारुडी दृष्टीला फसवतात तेव्हा ते पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर ग्लॅमर टाकतात, असे तो सांगतो. आपल्याकडे यालाच नजरबंदी म्हणतात. स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सने १७८९ च्या एका कवितेत ‘ग्लॅमर’ आणि ‘ग्रॅमर’ हे दोन्ही शब्द यमकात बांधले आहेत. पुढे लेखक वॉल्टर स्कॉटमुळे शब्द इंग्रजीत रुळला, आणि सिनेनट्यांना तो चिकटला थेट विसाव्या शतकात.

‘कर्सिव्ह’बद्दल काय बोलावे? त्याच्या मुळाशी लॅटिनमधील ‘धावणे’ या अर्थाचा धातू आहे. हात न उचलता धावते लिहिले जाते म्हणून हे नाव. शाप या अर्थाच्या ‘कर्स’ या इंग्रजी शब्दाचे मूळ अनिश्चित आहे, पण कर्सिव्हचा अर्थ शाप नव्हे. आरंभीचे ध्वनी जुळतात म्हणून करवंदाने लाकूड कापता येत नाही.

‘स्पेलिंग’बाबत मात्र थोडे नमते घ्यावे लागते. मंत्र या अर्थाचा ‘स्पेल’ आणि अक्षरे जुळवण्याचा ‘स्पेल’ यांचे जर्मानिक मूळ एकच आहे. पण त्या मुळाचा अर्थ बोलणे, सांगणे एवढाच असून ‘गॉस्पेल’मध्ये, म्हणजे शुभवार्तेत, तोच उरला आहे, मंत्राचा अर्थ इंग्रजीत मागाहून आला आणि अक्षरे जुळवण्याचा अर्थ जुन्या फ्रेंचमधून वेगळ्या वाटेने. भाचीने कर्सिव्हचे वाक्य खोडले आहे. स्पेलिंगचे अजून ठेवले आहे.