घोडं घेऊन घर शोधताना

बायकोची बँकेतून बदली झाली ती थेट दौंडहून कुडाळला. दौंडला वर्षाला जेमतेम ५०० मिलिमीटर पाऊस, तोही आला तर. कुडाळला ३,००० च्या पुढे, आणि तो येतोच. माणसांनी छत्री घेतली की प्रश्न मिटतो. आमच्याकडे आबांच्या मागे राहिलेली चंपीही होती. चंपी म्हणजे घोडी. विकायची म्हटलं की आई जेवण सोडायची, त्यामुळे तो विषय कायमचा बंद.

एप्रिलात जागा बघायला गेलो. एजंटला फोनवर सांगितलं, "घर साधं चालेल, पण सोबत घोडी आहे." पलीकडे शांतता. मग तो म्हणाला, "भाड्यान लावतलास? लग्नाक?" नाही म्हटल्यावर आमच्याविषयीचा त्याचा आदर एकदम खाली आला.

पहिली जागा त्याने मोठ्या कौतुकाने दाखवली. "एकदम सपाट. रोड टच. बारमाही पाणी." खरंच सपाट होती, कॅरम बोर्डासारखी. मी तर मनात गोठ्याचे खांबही रोवून टाकले. तेवढ्यात गडग्यावर बसलेल्या म्हाताऱ्याने विचारलं, "घोडो खंय बांधतलास? ह्यो कुणगो आसा. मिरग लागलो की गुडघाभर पाणी." कुणगा म्हणजे भाताचं खाचर. बारमाही पाण्याचा अर्थ तेव्हा उलगडला.

आता घोड्याचं म्हणाल तर ते दिसतं राजेशाही, पण तब्येतीने नवसाच्या पोरासारखं. खूर चिखलात सतत भिजला की तळाचा मऊ त्रिकोणी भाग कुजायला लागतो आणि वास असा सुटतो की घरमालकाला वेगळं कारण सांगावं लागत नाही. चारा रोज सात-आठ किलो, तोही खडखडीत कोरडा. बुरशी लागलेला पेंढा पोटात गेला की पोटशूळ, आणि घोड्याला उलटी करून मोकळं होता येत नाही. म्हणजे आम्हाला हवी होती उताराची, जांभ्याची, पाणी पडताक्षणी निचरून जाणारी जागा. एजंट दाखवत होता ते सगळं माणसांना आवडणारं: नारळ, वहाळ, सपाटी, हिरवळ. मी उजाड कातळ बघून "वा!" म्हणायचो आणि तो बायकोकडे काळजीने बघायचा.

दुसऱ्या जागेच्या सातबाऱ्यावर बावीस नावं निघाली. त्यातली चौदा मुंबईत, दोघांचं आपसात बोलणं नाही. तिसरीकडे मालक तयार होता, पण शेजारच्यांच्या मते घोड्याच्या वासाने त्यांच्या म्हशी आटल्या असत्या. आमचं घोडं सगळीकडे पेंड खात होतं, आणि खरं घोडं तिकडे दौंडात कडबा.

शेवटी एका आजींचा मांगर, म्हणजे गुरं-पेंढा ठेवायचा गोठा, मिळाला. उतारावर, चिऱ्यांचा, कौलारू, जमिनीपासून हातभर उंच जोत्यावर. शेजारी दोन खोल्यांचं घर. आजींनी चंपीचा फोटो चष्मा लावून बघितला आणि विचारलं, "दूध दिणा नाय, नांगराक चलणा नाय, मगे करता काय?"

"उभी राहते," मी म्हणालो.

"माझो झिल पण तसोच," आजी लेकाबद्दल म्हणाल्या आणि भाडं ठरवून टाकलं.

मेअखेरीस सामानाचा ट्रक आधी गेला आणि मागून टेम्पोत चंपी. वरातीमागून घोडं मी पहिल्यांदाच प्रत्यक्ष पाहिलं. आंबोली घाटात वळणं सुरू झाली. उलटी न होण्याचा फायदा तिथे कळला. चंपी वाऱ्यावर आयाळ उडवत दरी बघत होती आणि मी प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड घालून बसलो होतो. चहाच्या टपरीवर लोकांनी तिला गूळ दिला. मला लिंबू.

मग पाऊस सुरू झाला आणि थांबायचं विसरला. नालबंद घाटावरून येतो. तो दोन महिन्यांतून एकदा खूर तासून जातो आणि दर वेळी "कोरडे आहेत" म्हणून आश्चर्य करतो. मांगरात खरोखर थेंब येत नाही. जमीन कोरडी, वारा खेळता, पेंढा फळीवर रचलेला. आमच्या दोन खोल्यांत मात्र तीन पातेली, एक बादली आणि कुकरचं भांडं मांडलेलं असतं, आणि भिंतीवर शेवाळाने जिल्ह्याचा नकाशा काढलाय. घर घेताना छपराकडे कुणी बघितलंच नव्हतं. सगळे जमीन बघत होतो.

जुलैत चार दिवस कपडे वाळेनात, तेव्हा बायकोने न बोलता मांगरात दोरी बांधली. आता तिच्या बँकेच्या साड्या चंपीच्या डोक्यावर वाळतात. काउंटरसमोर गिऱ्हाईकं म्हणे हल्ली हातभर लांब उभी राहतात. रांग मात्र एकदम शिस्तीत असते.