स्वतःचीच स्कूटर सुपुर्दगीवर

भाच्याची चोरीला गेलेली स्कूटर सापडली म्हणून सुदामानगरात आमच्याकडे पेढे वाटून झाले. जरा घाईच झाली. सापडली होती, पण हातात आली नव्हती. पोलीस ठाण्याच्या आवारात चार-पाच गाड्यांच्या मध्ये ती दाबून उभी होती. हँडलला सुतळीने गुन्हा क्रमांकाचा पुठ्ठा, सीट फाटकी, आरशांच्या जागी नुसत्या दांड्या. जप्ती पंचनाम्यात मात्र 'आरसे दोन' स्पष्ट लिहिलेले.

मग वकील, अर्ज, पेशी. शेवटी सुपुर्दगी मिळाली, म्हणजे गाडी घरी न्यायची पण विकायची नाही, रंग बदलायचा नाही, कोर्ट म्हणेल तेव्हा जशीच्या तशी हजर करायची, आणि तसं लेखी देऊन जामीनदार उभा करायचा. भाचा चिडला: "मामा, गाडी माझी, हप्ते मी भरले, आणि जामीनदारही मीच आणू?"

मला विचाराल तर या अटी बरोबरच आहेत. खटला चालू आहे तोवर गाडी पुरावा आहे. ज्याच्याकडे ती राहील त्यानं ती सांभाळावी आणि मागितल्यावर दाखवावी. माझी तक्रार वेगळी आहे. इतके महिने गाडी ठाण्याकडे होती, तेव्हा हेच नियम त्यांना का नव्हते? आरशांचा विषय काढला तर वकीलच म्हणाले, "काका, सोडा, गाडी मिळतेय ना?"

बरं, कायदा मुका नाही. सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या खटल्यात 2002 सालीच सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की जप्त गाड्या ठाण्यात सडत ठेवू नका. फोटो काढा, पंचनामा करा, बंधपत्र, म्हणजे लेखी हमी, घ्या आणि देऊन टाका. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 497 मध्ये तर मुदतीच घातल्यात: माल कोर्टापुढे आल्यावर 14 दिवसांत त्याचं वर्णन तयार करायचं, त्यानंतर 30 दिवसांत विल्हेवाटीचा आदेश. तरी कुठल्याही ठाण्याबाहेरून जाताना आत नजर टाका. गंजलेली रांग दिसेलच.

आरसे गेले तर बाजारात नवे मिळतात. माणूस ताब्यात असतो तेव्हा काय? आपल्याकडे पोलिसांनी कुणाला नेलं की कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर "आत गेला" एवढं येतं आणि निकाल लागून जातो. 24 तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं असतं, न्यायालयीन कोठडीतल्या, म्हणजे कोर्टाच्या आदेशानं तुरुंगात ठेवलेल्या, माणसाला पोलीस मनाला येईल तेव्हा चौकशीला नेऊ शकत नाहीत, हे कुणी विचारतही नाही. ओडिशातल्या नीलाबती बेहेरांचा तरुण मुलगा पोलिसांच्या ताब्यात होता आणि नंतर रेल्वे रुळावर त्याचं प्रेत सापडलं. पोलीस म्हणाले, पळाला आणि गाडीखाली आला. सर्वोच्च न्यायालयाला ते पटलं नाही. 1993 मध्ये राज्याला त्या आईला दीड लाख रुपये भरपाई द्यायला लावली. ताब्यातल्या माणसाचं काय झालं याचा जाब ज्याच्या ताब्यात तो होता त्यानंच द्यायचा. पुराव्यासाठी त्या आईनं कुठं वणवण करायची?

आणि मुलं. घटस्फोट झालेल्या घरी पाहुण्यांचा पहिला प्रश्न: "केस कोण जिंकलं?" जसा काही प्लॉटचा दावा होता! हिंदूंसाठीच्या 1956 च्या पालकत्व कायद्यात बाप नैसर्गिक पालक, पण पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे. म्हणजे पालकत्व एकाकडे आणि ताबा दुसऱ्याकडे असू शकतो, हे कायद्यातच आहे. पाचवा वाढदिवस झाला की केकऐवजी अर्ज घेऊन येणारे बाप असतात, आणि भेटीच्या दिवशीच मुलाला नेमका ताप आणणाऱ्या आयाही असतात. दोघांनाही वाटतं की आदेशाचा कागद म्हणजे रजिस्ट्री. पण परिस्थिती बदलली तर तो आदेश बदलून मागता येतो, आणि कोर्ट बघतं ते मुलाचं हित. रोझी जेकब खटल्यात 1973 सालीच न्यायालयानं सांगितलंय की मुलं ही आईबापांची मालमत्ता नव्हेत.

भाच्याला एवढं सगळं ऐकवलं. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग मामा, नवे आरसे बसवले तर चालतील का, की तेही कोर्टाला विचारायचं?" वकिलांना फोन लावलाय. अजून उचलला नाही.